बारीक टायर टाकला की सायकल खरंच जास्त पळते का? आणि रिमचं काय?

सडाफटिंग
माझी हायब्रिड आहे, ७०० बाय ३८ चे टायर (म्हणजे ३८ मिमी रुंद), जाड, नक्षीवाले. सपाट रस्त्यावर ताशी २४-२५ किमीच्या वर काही केल्या टिकत नाही आणि सोबतचे रोडबाइकवाले गप्पा मारत मारत पुढे निघून जातात. एक जण म्हणतो २३ चे टायर टाक, बारीक टायर पळणारच, दुसरा म्हणतो टायर राहू दे, आधी डीप रिम (उंच कडांची, वारा कापणारी) घे. रिमवर ६२२ बाय १९ लिहिलंय त्याचाही अर्थ कळत नाहीये. डिस्क ब्रेक आहेत, माझं वजन ७२. खर्च एकाच गोष्टीवर करायचाय, तर टायर की रिम?

चेनला_तेल
टायर. आणि २३ विसरा.

६२२ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये, ७०० सी च्या सगळ्या चाकांचा हाच असतो. १९ ही रिमची आतली रुंदी. त्यावर २३ चढवलात तर टायर रिमच्या मानाने फारच बारीक पडतो, गोलाई जाते आणि खड्ड्यात रिमला थेट मार. २८ पासून पुढे बिनधास्त लावा.

आता बारीक म्हणजे वेगवान हे जे डोक्यात बसलंय ना त्याबद्दल. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे फिरला की परत गोल होतो, आणि या दाबलं जाण्यात नि सुटण्यात रबर जी ताकद खातं ती रोलिंग रेझिस्टन्स. हवा सारखीच भरली तर रुंद टायरचा टेकलेला भाग आडवा आणि आखूड असतो, बारीक टायरचा लांबुळका, आणि लांबुळका असला की टायर जास्त वाकतो. म्हणजे सारख्या प्रेशरला रुंद टायरच हलका पळतो!! अर्थात रुंद टायरमध्ये आपण हवा कमी ठेवतो म्हणून तो फायदा बराचसा फिटतो. पण मग उरतं काय, तर केसिंग म्हणजे टायरचं आतलं कापड किती लवचिक, रबर कसलं आणि पंक्चरचा पट्टा किती जाड. तुमचा ३८ रुंद आहे म्हणून जड नाही चालत, तो जाडजूड आणि नक्षीवाला आहे म्हणून चालतो.

उलटा_वारा
वरचं बरोबर आहे पण वाऱ्याचं कोणी बोलायचं? ढोबळ हिशोब देतो. सायकल धरून ८५ किलो, वेग २५. जड टायर असेल तर तो साधारण ४५ वॉट खातो, चांगला स्लिक (नक्षी नसलेला गुळगुळीत टायर) ३० च्या आत. आणि सरळ बसून चालवलं तर नुसता वारा त्याच वेगाला १०० च्या आसपास घेतो. ३५ ला गेलात की वाऱ्याचा आकडा पावणेतीन पट होतो कारण तो वेगाच्या घनाने वाढतो, टायरचा मात्र वेगाच्या प्रमाणातच. आणि वारा अडवणाऱ्यात सगळ्यात मोठा वाटा आपल्या स्वतःच्या अंगाचा! त्यामुळे कोपर वाकवून थोडं खाली बसलात तर फुकटात जे मिळेल ते रिम बदलून नाही मिळणार.

डीप रिमचा फायदा खरा आहे पण तो जोरात चालवणाऱ्याला. त्यातही एक नियम सांगतात, रिमची बाहेरची रुंदी टायरपेक्षा निदान ५ टक्के जास्त हवी, म्हणजे २८ च्या टायरला २९.४ ची रिम. टायर रिमच्या बाहेर फुगला तर वारा रिमवर नीट चिकटून जात नाही आणि डीप रिम नुसती दिसायला राहते. बाजूचा वारा आला की हँडल ओढतं ते वेगळंच.

सडाफटिंग
मग २८ की ३२? आणि हवा फुल्ल टाइट ना? चाकाचं एक किलो म्हणजे फ्रेमचं दोन किलो असं पण ऐकलंय, त्यासाठी तरी हलकी रिम घ्यावी का

ढेकळातून
३२ चा स्लिक घ्या. रस्ता गुळगुळीत असेल तर २८ नि ३२ मध्ये फारसा फरक नाही, खडबडीत असेल तर ३२ पुढे. रेसवाले काय वेडे आहेत का २३ वरून २५, मग २८ आणि आता ३० पर्यंत आलेत ते.

फुल्ल टाइट तर अजिबात नको, टायरवर लिहिलेला आकडा कमाल असतो, तेवढी भरा असा त्याचा अर्थ नाही. दगडासारखा टायर प्रत्येक खरबरीवर सायकल उचलतो, ते हादरे तुमचं अंग जिरवतं आणि ती ताकद पायातलीच असते. ३२ ला पुढे ५५ मागे ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इथून सुरू करा, मग दोन-दोनने खाली येत बघा.

आणि ते एकाचे दोन किलो फक्त वेग पकडताना. एकदा सायकल २५ ला लागली की सपाटीवर फिरणारं वजन काही मागत नाही, चढावर रिमचं किलो नि बाटलीचं किलो सारखंच. सिग्नलला सारखं थांबत असाल तर थोडंफार जाणवेल, बास.

चेनला_तेल
+१. टायरसोबत ट्यूब पण बघा, लेटेक्सची किंवा टीपीयूची (पातळ प्लास्टिकची) ट्यूब नेहमीच्या ब्यूटिल रबराच्या ट्यूबपेक्षा कमी ताकद खाते. लेटेक्समधून हवा लवकर उतरते, रोज भरायची तयारी हवी, आळस असेल तर टीपीयू. आणि पुढेमागे रिम घेतलीतच तर हुकलेस (टायर अडकवायला आत कडेला आकडा नसलेली) आहे का ते विचारून घ्या, तिला हवेची मर्यादा ५ बार म्हणजे ७२ पीएसआय, आणि टायरही हुकलेसला चालणाराच लागतो.

उलटा_वारा
एक राहिलं, चाकाला मॅग्नेट लावलेला मीटर असेल तर घेर बदला त्यात. ३८ चा २१८० मिमी धरतात, ३२ चा २१५५, २८ चा २१३६. २८ टाकून जुनंच सेटिंग ठेवलं तर २५ ला अर्धा किलोमीटर जास्तीचा दिसतो, आणि मग लोक इथे येऊन लिहितात की बारीक टायरने स्पीड वाढला 😄 जीपीएसवर चालणारा असेल तर काही करायची गरज नाही.