उघड्या चेंबरमध्ये पाय गेला, महापालिकेकडून भरपाई कशी मागायची?

प्रश्न: पदपथावरच्या चेंबरला झाकण नव्हतं. शेजारच्या काकूंचा पाय आत गेला, मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. वॉर्ड ऑफिसात म्हणतात, "गाडी नव्हती, मग अपघात कसला?" तीन आठवडे झालेत, पोलिसांत नोंद नाही. आता काय करता येईल?

उत्तर १: गाडी नव्हती म्हणून फक्त मोटार अपघात न्यायाधिकरणाचा रस्ता बंद होतो. महापालिका सुटत नाही. खड्डे आणि उघड्या मॅनहोलबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑक्टोबर २०२५ चा आदेश आहे: मृत्यूला ६ लाख, इजेला गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख. निर्णय घेते आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. अर्ज दोन्हीकडे द्या आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पैसे सहा ते आठ आठवड्यांत मिळायला हवेत, नाहीतर दाव्याच्या तारखेपासून ९ टक्के व्याज.

पोलिसांत आजच लेखी तक्रार द्या. अशा घटनेची माहिती ठाण्याने ४८ तासांत समितीला कळवायची असते.

उत्तर २: दावे अडकतात ते केस पेपरवर. तिथे नुसतं "पडून इजा" लिहिलं असेल, तर घरात पडल्या असं म्हणायला समोरचे मोकळे. "पदपथावरील उघड्या चेंबरमध्ये पाय जाऊन" ही नोंद डॉक्टरांकडून लेखी मिळते का बघा. झाकण तक्रारीनंतर लगेच बसतं, म्हणून फोटो आधी काढा: एक खोलीला टेप लावून, एक दुकानाची पाटी किंवा खांबाचा नंबर दिसेल असा. झाकण बसलं असेल तर नव्या सिमेंटचाही काढा.

माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा. चेंबर कुठल्या खात्याचा, आणि त्या जागेबद्दल आधी आलेल्या तक्रारी.

उत्तर ३: त्या जुन्या तक्रारी फार मोलाच्या आहेत. राजकोट महापालिकेच्या खटल्यात (१९९७) रस्त्याकडेचं झाड पडून माणूस गेला, तरी सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. धोका महापालिकेला आधीच माहीत होता हे दाखवता आलं, की "आम्हाला कल्पना नव्हती" हा बचाव लंगडा पडतो.

समितीच्या रकमेवर समाधान नसेल तर दिवाणी दावा आहेच, पण मुदत कडक आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे (मुंबईत कलम ५२७) आधी एक महिन्याची नोटीस, आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत. समितीच्या उत्तराची वाट बघत ही मुदत घालवू नका. नोटीस याच महिन्यात वकिलाकडून जाऊ द्या.