मदत हवी आहे: दादाचं ईएसए बंद होऊन युनिव्हर्सल क्रेडिटवर जायचं पत्र आलंय (तातडीचं)

रेडिंगकरीण
दादाला पत्र आलंय, ईएसए (आजारपणामुळे काम न करू शकणाऱ्यांचा इथला सरकारी भत्ता) बंद होणार, युनिव्हर्सल क्रेडिटचा (त्याच्या जागी आलेल्या एकत्रित भत्त्याचा) अर्ज करा म्हणून. हे आपोआप होत नाही का? इतक्या वर्षांचे सगळे कागद त्यांच्याकडेच आहेत. ऑनलाइन भरायला बसले आणि पहिल्याच पानावर अडकले. दादा स्वतः करू शकणार नाही. पैसे कमी होणार का आणि मध्ये किती दिवस काहीच येणार नाही, एवढंच सांगा. आजच उत्तर द्या प्लीज, तारीख जवळ आली आहे.

लेस्टरकर
आपोआप होत नाही, अर्ज करावाच लागतो. पत्रावर तारीख काय आहे? ईएसए उत्पन्नावर आधारित की नॅशनल इन्शुरन्सच्या हप्त्यांवरचं? सपोर्ट ग्रुपमध्ये (काम शोधायची अट नसलेल्या गंभीर आजारी लोकांच्या गटात) आहेत का? घर भाड्याचं का? वय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

हुरडा
घाबरू नका. माझ्या मेहुण्याचं असंच पत्र आलं होतं, काही न करता सगळं बदललं गेलं.

टेम्सकाठ
हुरडा, ते इनकपॅसिटी बेनिफिटवरून (ईएसएच्या आधीचा आजारपणाचा भत्ता) ईएसए झालं असेल, 2011 नंतरचं. तेव्हा बदल तेच करत, आपल्याला फक्त तपासणीला जावं लागे. आता अर्ज केला नाही तर ईएसए थांबतं. कृपया असं लिहू नका, कोणी खरं मानून बसेल.

रेडिंगकरीण
पत्र 8 सप्टेंबर 2025 चं, मुदत 8 डिसेंबर. उत्पन्नावर आधारित, सपोर्ट ग्रुप. वय 58. हाउसिंग असोसिएशनचा फ्लॅट, भाडं काउन्सिल परस्पर भरते. दादाने इथे वीसेक वर्षं बस चालवली. स्ट्रोकनंतर त्याचं इंग्रजीच गेलं. समजतं थोडंफार, पण तोंडून येते ती फक्त मराठी, तीही तुटक. फोनवर कोणी इंग्रजीत बोललं की रडतो.

मोगरा
ताई, तुम्ही अपॉइंटी (त्यांच्या वतीने भत्त्याचा कारभार बघणारी व्यक्ती) व्हा. आईचं मी तसंच केलं, एकदा झालं की सगळं आपल्या हातात.

लेस्टरकर
दादांना मराठीत सगळं कळतं ना? मग अपॉइंटी कशाला? ते ज्याला स्वतःचा कारभार समजतच नाही त्याच्यासाठी. समजणाऱ्या माणसाच्या हातातून त्याचे पैसे काढून घेऊ नका. मायग्रेशन नोटीसची (म्हणजे याच पत्राची) हेल्पलाइन पत्रावर छापलेली असते. फोनवरून अर्ज होतो आणि मराठी दुभाषी मागता येतो. दादा शेजारी बसून 'बहिणीशी बोला' म्हणाले तर तुमच्याशीही बोलतात.

मोगरा
कारभार काढून घेतला नाही मी कोणाचा. आई सही करू शकत नव्हती.

बाराखडी
दादांना पिप (अपंगत्वासाठीचा वेगळा भत्ता) मिळत असेल तर त्याच्या फेरतपासणीसाठी आतापासून रोजनिशी ठेवा. आंघोळ, स्वयंपाक, औषधं, वाईट दिवस किती. आम्हाला तिचा फार उपयोग झाला.

टेम्सकाठ
पिप या बदलात हलत नाही, ते वेगळंच चालू राहतं. पण एक विचारायचंच आहे: दादांना पिपचा दैनंदिन जीवनाचा भाग मिळतो का? घरात एकटे राहतात का? त्यांच्या नावावर कोणी केअरर्स अलावन्स (काळजी घेणाऱ्याला मिळणारा भत्ता) घेतं का?

रेडिंगकरीण
पिप मिळतं, दैनंदिनचा भाग आहे. राहतो एकटाच, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत एकटाच होता. बाथरूममध्ये पडला तेव्हापासून मी त्याच्याकडे आहे, नवरा आणि लेक रेडिंगला. केअरर्स अलावन्सचा अर्ज अर्धा भरून ठेवलाय. याचा काय संबंध?

टेम्सकाठ
ताई, तो अर्ज आज पाठवू नका! हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. एकट्या राहणाऱ्या, पिप मिळणाऱ्या माणसाच्या ईएसएमध्ये बहुधा सिव्हिअर डिसेबिलिटी प्रीमियम (गंभीर अपंगत्वासाठीची जादा रक्कम) धरलेला असतो, 2025-26 च्या दराने आठवड्याला 82.90 पौंड. त्यांच्या काळजीसाठी कोणी केअरर्स अलावन्स घेतला, किंवा घरात दुसरा प्रौढ कायमचा राहायला आला, की तो जातो. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये हा प्रीमियम नाही. अर्जाच्या आदल्या दिवशी जुनं जे मिळत होतं ते आणि नवं यांची तुलना होते, आणि नवं कमी भरलं तर फरक ट्रान्झिशनल प्रोटेक्शन म्हणून जोडतात. त्या दिवशी प्रीमियम हातात नसेल तर फरकही तेवढाच कमी. तुमचं घर रेडिंगला आहे, तुम्ही दादांकडे मुक्कामाला आलात, हे आहे तसंच सांगा. लपवू नका. आणि सल्ला देणाऱ्या संस्थेत, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये हिशेब करून घ्या, फुकट असतो.

मोगरा
हिशेब करत बसाल आणि 8 तारीख जाईल. आजच भरा.

लेस्टरकर
दोन आठवडे आहेत. शिवाय मुदत संपण्याआधी सबळ कारण देऊन फोन केला तर ती वाढवून मिळू शकते. माझ्या भावाचा अर्ज घाईत भरला, त्यात तब्येतीच्या प्रश्नाला 'नाही' गेलं. पुढचे तीन महिने ते दुरुस्त करण्यात गेले. सपोर्ट ग्रुपवाल्यांना नव्यात आरोग्याचा भाग, 2025-26 च्या दराने महिन्याला 423.27 पौंड, नव्या तपासणीशिवाय मिळायला हवा. पहिलं स्टेटमेंट आलं की तो आणि ट्रान्झिशनलची ओळ, दोन्ही आहेत का बघा.

हुरडा
अर्ज केला की अ‍ॅडव्हान्स (पहिल्या हप्त्याआधीची उचल) लगेच मागा.

लेस्टरकर
ते कर्ज आहे, व्याज नाही पण पुढे दर महिन्याला कापतात. आधी हे बघा: अर्जानंतर जुनं ईएसए आणि हाउसिंग बेनिफिट (भाड्याचा भत्ता) दोन आठवडे चालू राहतं, ते परत मागत नाहीत. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता साधारण पाच आठवड्यांनी. मधले तीन आठवडे बचतीवर निघणार असतील तर अ‍ॅडव्हान्स नको. खरी ठेच भाड्याला लागते. भाड्याचे पैसे आता दादांच्या खात्यात येणार आणि भाडं त्यांनी भरायचं. परस्पर घरमालकाकडे जावं असं हवं तर सांगावं लागतं. काउन्सिल टॅक्सची सवलतही काउन्सिलला कळवा, ती यात येत नाही.

चाफेकळी
मी साताऱ्याहून. बाबांचं संजय गांधी निराधारचं अनुदान आधार-बँक जोडणीत अडकलंय. इथे विचारू का?

टेम्सकाठ
वेगळा धागा काढा ताई, इथे सगळे इंग्लंडचं बोलतायत. तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत चौकशी केलीत का?

बाराखडी
रेडिंगकरीण, थोडं अवांतर. माझ्या सासऱ्यांचे शब्द असेच गेले होते. पण बे एके बे सुरू केलं की पुढचा पाढा धडाधड म्हणायचे, आरतीही. पाठ असलेलं आधी येतं. दादांकडून म्हणवून घ्या.

रेडिंगकरीण
काल रात्री म्हणाला. बे दाहे वीसपर्यंत. सहाव्या ओळीला चुकला, स्वतःच दुरुस्त केलं.

केअररचा अर्ज बाजूला ठेवलाय. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसची वेळ गुरुवारची मिळाली, दुभाषी मागितला आहे. भाड्याचा पुरावा म्हणून टेनन्सीचा करार चालेल का? दादाचा करार 2009 चा आहे, भाडं त्यानंतर कितीदा वाढलं.

लेस्टरकर
करार न्या, पण सोबत या वर्षीचं भाडेवाढीचं पत्रही न्या, ज्यात भाडं आणि सर्व्हिस चार्ज वेगवेगळे लिहिलेत. नसेल तर असोसिएशनला आजच ईमेल करा, गुरुवारपर्यंत येईल.