कौन्सिल टॅक्स वाढला आणि लायब्ररी बंद करतायत, पैसा नेमका जातो कुठे?

रिमझिम_३१: नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. घराजवळ एक छोटी लायब्ररी आहे, लेकीला दर मंगळवारी तिथे गोष्टींच्या तासाला नेते. मागच्या मंगळवारी गेलो तर काचेच्या दारावर आतून कागद चिकटवलेला, लायब्ररी बंद करण्याचा प्रस्ताव आहे, आपलं मत कळवा. काउंटरवरच्या बाईंना विचारलं तर त्यांचे डोळेच भरून आले, बावीस वर्षं तिथे काम करतायत त्या. आणि त्याच आठवड्यात कौन्सिल टॅक्सचं (म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा, इथली स्थानिक पालिका घेते तो कर) बिल आलं ते ४.९९ टक्क्यांनी वाढलेलं! मला हेच कळत नाहीये, दरवर्षी जास्त पैसे घेतात आणि दरवर्षी काहीतरी बंद करतात, मग पैसा जातो कुठे? केंद्र सरकारने कौन्सिलची ग्रँट (अनुदान) कापली असं सगळे म्हणतात पण नक्की काय कापलं कोणी नीट सांगेल का. आणि आम्ही व्हिसावर, भाड्याच्या घरात, तर आम्ही यात बोलावं का तेही सांगा.

हिशेबनीस: मी एका कौन्सिलच्या फायनान्स विभागात आहे (कुठली ते लिहीत नाही), जमेल तेवढं सांगतो. ताई, तुमचं बिल परत काढून बघा, त्यात अ‍ॅडल्ट सोशल केअर अशी वेगळी ओळ असेल. ४.९९ मधले २ टक्के फक्त त्यासाठीच असतात, म्हणजे म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या देखभालीसाठी. ५ टक्के किंवा त्याहून जास्त वाढवायचं तर लोकांचं सार्वमत घ्यावं लागतं म्हणून बहुतेक कौन्सिल बरोबर ४.९९ वरच थांबतात.

आता ग्रँटचं. २०१० नंतर लंडनहून येणारा पैसा कापायला सुरुवात झाली. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसच्या २०१८ च्या अहवालात आकडा आहे, २०१०-११ ते २०१७-१८ मध्ये सरकारकडून मिळणारा पैसा महागाई धरून ४९.१ टक्क्यांनी कमी झाला. अर्धा गेला म्हणा ना. कौन्सिल टॅक्स धरला तरी एकूण खर्चाची ताकद २८.६ टक्क्यांनी घटली. शिवाय गरिबांना कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी सूट आधी केंद्राची योजना होती, २०१३ मध्ये ती कौन्सिलच्या गळ्यात घातली आणि सोबत पैसे दिले ते १० टक्के कापून. म्हणजे काम खाली ढकललं पण पैसा पूर्ण आला नाही, आणि हे एकदाच झालेलं नाही.

आणि मागणी तर वाढतच गेली. घरी ठेवता येत नाहीत अशा मुलांना निवासी केंद्रात ठेवावं लागतं, एका मुलाचा वर्षाचा खर्च सरासरी ३ लाख पौंडांच्या वर जातो. नोव्हेंबरात अशी दोन मुलं नवीन आली की माझ्या शीटमधली ती लाईन लाल होते आणि मार्चपर्यंत ती भरून कुठून काढायची हा प्रश्न. नाही म्हणता येत नाही, कायदा आहे, आणि म्हणूही नये, ती मुलं आहेत हो. मग कात्री लागते ती लायब्ररी, बाग, युवक केंद्र, रस्त्यावरचे दिवे यांना. तूट ठेवून बजेट पास करायची आम्हाला परवानगीच नाही, ते केंद्र सरकारला जमतं, आम्हाला नाही.

टेम्सकाठचा: हिशेबनीस, सगळं खरं, पण सगळा दोष केंद्रावर टाकू नका. मी वोकिंगच्या बाजूला राहतो. तिथल्या कौन्सिलने हॉटेल आणि टॉवर बांधायला सरकारी कर्ज उचललं, २०२३ ला सेक्शन ११४ नोटीस (कौन्सिलची दिवाळखोरीच म्हणा) निघाली तेव्हा तूट सांगितली १२० कोटी पौंड, एका छोट्या बरो कौन्सिलची! थरॉक कौन्सिलने सोलर कंपन्यांमध्ये पैसे घातले, तेही बुडाले. ग्रँट सगळ्यांचीच कापली, सगळ्यांनी असे उद्योग केले नाहीत.

हिशेबनीस: मान्य. पण ग्रँट आटल्यावर भाड्याचं उत्पन्न काढा, व्यवसाय करा हा सूर तेव्हा सगळीकडूनच येत होता, आणि कौन्सिलांचे हिशेब तपासणारं ऑडिट कमिशन २०१५ मध्ये बंद करून टाकलं. कर्ज सोपं, देखरेख ढिली. आमच्याकडेही शॉपिंग सेंटर घ्यायचा प्रस्ताव आला होता, आमच्या साहेबांनी सही केली नाही म्हणून वाचलो. नवीन लोकांसाठी सांगतो, सेक्शन ११४ म्हणजे १९८८ च्या कायद्यातली तरतूद, मुख्य वित्त अधिकारी लिहून देतो की खर्च उत्पन्नात बसत नाहीये, की नवीन खर्च थांबतो आणि २१ दिवसात सगळ्या सदस्यांनी बसून ठरवायचं. बर्मिंगहॅमने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काढली होती, तिथे समान वेतनाचे दावे आणि फसलेली आयटी सिस्टीम हे पण होतं. त्यानंतर तिथल्या लोकांना एका वर्षात ९.९९ टक्के वाढ भरावी लागली.

पुस्तकवेडी: रिमझिम, तुझ्या लायब्ररीबद्दल बोलते कारण तेच महत्त्वाचं आहे. लायब्ररी ही मर्जीची गोष्ट नाहीये, १९६४ च्या कायद्याने कौन्सिलला व्यवस्थित लायब्ररी सेवा द्यावीच लागते. फक्त किती इमारती ते लिहिलेलं नाही, तिथेच पळवाट आहे. नॉर्थॅम्प्टनशायर कौन्सिलने ३६ पैकी २१ लायब्रऱ्या बंद करायचं ठरवलं होतं, २०१८ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय बेकायदेशीर ठरवला, आणि ती कौन्सिल तर तेव्हा दिवाळखोरीत होती! म्हणजे पैसे नाहीत एवढं सांगून सुटका होत नाही, कर्तव्य नीट विचारात घेतलं का ते कोर्ट बघतं.

म्हणून मत कळवताना आम्हाला लायब्ररी आवडते असं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात आणि बाजूला पडतं. कोण येतं ते लिही. आमच्याकडे हे झालं तेव्हा आम्ही सात-आठ जणी आळीपाळीने आठवडाभर दाराशी वही घेऊन बसलो. एक आजोबा रोज सकाळी येऊन कॉम्प्युटरवर युनिव्हर्सल क्रेडिटचं (सरकारी भत्त्याचं) खातं बघायचे, घरी इंटरनेट नाही, एका बोटाने टाइप करायचे. पुढची लायब्ररी दोन बस बदलून आणि त्यांचा गुडघा गेलेला. हे तारीख-वार घालून दिलं. आमची पूर्ण वाचली नाही, आठवड्यात तीन दिवस उघडी असते, पण आहे.

लेस्टरवाली_मावशी: अगं रिमझिम बाळा, व्हिसावर आहोत म्हणून गप्प बसू नकोस. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर कायदेशीर राहणाऱ्याला इथे मतदानाचा हक्क आहे, कौन्सिलच्या निवडणुकीतच नाही तर पार्लमेंटच्या पण. ऑनलाईन नाव नोंदवायला पाच मिनिटं लागतात, आणि केंद्रावर फोटो ओळखपत्र म्हणून आपला भारतीय पासपोर्ट चालतो. आपल्या कितीतरी लोकांना दहा-दहा वर्षं राहून हे माहीतच नसतं. कौन्सिलरला मेल कर, मतदार यादीत नाव आहे हे पण लिही, फरक पडतो.

हिशेबनीस: मावशी बरोबर. अजून एक, दरवर्षी हिशेब जाहीर झाले की ३० कामकाजाचे दिवस रहिवाशांना बिलं, करार तपासायला मागता येतात, हक्क आहे तो. ५०० पौंडांवरचा प्रत्येक खर्च वेबसाईटवर टाकावा लागतो तो तर कधीही बघा. त्या लायब्ररीवर वर्षाला नेमका किती खर्च आहे आणि बंद केल्यावर खरंच किती वाचणार हे विचारा, इमारत भाड्याची असेल आणि करार संपायला वेळ असेल तर बचत कागदावरच राहते.

रिमझिम_३१: सगळ्यांचे मनापासून आभार. बिल काढून पाहिलं, ती ओळ आहे खरंच, तीन वर्षं भरतेय आणि कधी वाचली नव्हती. दोघांनी काल रात्रीच मतदार नोंदणी केली. मंगळवारी गोष्टींच्या तासाला येणाऱ्या दोन आयांशी बोलले, एक पोलिश आहे एक सोमाली, त्या वही घेऊन बसायला तयार आहेत. कन्सल्टेशन संपायला एकोणीस दिवस आहेत. पुस्तकवेडी, तुमच्या वहीत कुठले कॉलम होते ते सांगाल का, सोमवारपासूनच बसतोय.