उसातील उंदरांचा बंदोबस्त कसा करावा?

प्रश्न: तोडणीला आलेल्या उसाची बुडख्याजवळची कांडी उंदरांनी कुरतडली आहेत. झिंक फॉस्फाइडचे आमिष पहिल्या दिवशी खाल्ले, आता ते त्याला तोंडही लावत नाहीत. काय करावे?

उत्तर १: विषाची बाधा होऊन वाचलेला उंदीर ते आमिष टाळतो. म्हणून सायंकाळी सर्व बिळे बुजवावीत, सकाळी जी उकरलेली दिसतील त्यांतच दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवावा आणि मगच ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल व २ भाग झिंक फॉस्फाइड असे आमिष द्यावे. तुमचे उंदीर मात्र बिचकलेले आहेत. तूर्त ब्रोमॅडिओलोन (सावकाश मारणारे, म्हणून उंदीर ज्याला बिचकत नाहीत असे विष) वापरणेच योग्य.

उत्तर २: मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत, ही कळकळीची विनंती, ते खाऊन गव्हाणी घुबडे दगावतात.