नव्या डेंटिस्टने पाच दातांना कीड सांगितली, क्लिनिक चांगलं आहे का ते कसं ओळखायचं?

गोंधळलेली_दाढ:
जुने डॉक्टर रिटायर झाले म्हणून नवीन ठिकाणी गेले. एकदम चकाचक, रिसेप्शनवरची मुलगी गोड बोलणारी, वेळेत आत घेतलं. तपासून म्हणाले पाच दातांना कीड आहे, सगळीकडे फिलिंग करू आणि एका दाढेचं बहुतेक रूट कॅनाल. मला दुखत तर काहीच नाहीये, आणि आठ महिन्यांपूर्वी जुने डॉक्टर सगळं ठीक आहे म्हणाले होते. आता जुने आळशी होते का नवे लुटारू तेच कळेना. रेटिंग बघितलं तर सगळे पाच स्टार. आपल्यासारख्याला काम चांगलंय का वाईट हे कळायचं कसं?

निवांत_काका:
दुखत नाही म्हणजे कीड नाही असं नसतं हां. दाताच्या वरच्या थराला नसाच नसतात, कीड आत पोचेपर्यंत कळत नाही. आणि रेटिंगचं सोडा, लोक स्टार देतात ते थांबायला लागलं का आणि डॉक्टर हसून बोलले का यावर. स्वतःच्या दाढेच्या मागच्या बाजूला काय केलंय ते दिसलंय कुणाला!

सक्शनवाली:
सात वर्षं डेंटिस्टच्या खुर्चीशेजारी उभी राहून सक्शन (थुंकी ओढणारी नळी) धरलंय त्यामुळे माझी नजर आधी हातांकडेच जाते. ग्लोव्ह्ज तुमच्यासमोर नवीन घातले का, आणि तेच घालून ड्रॉवर, कीबोर्ड, फोन हाताळून परत तोंडात हात घातला का? हत्यारं सीलबंद पाऊचमधून तुमच्यासमोर फोडली पाहिजेत. पाऊचवर एक पट्टी असते ती ऑटोक्लेव्हमध्ये (हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये) जाऊन आली की रंग बदलते. पण त्यावरून एवढंच कळतं की पाऊच तापलं होतं, आतले जंतू खरंच मेले का त्यासाठी वेगळी स्पोर टेस्ट असते, तीही विचारा, चांगल्या ठिकाणी लगेच सांगतात. आणि ड्रिल! ते नुसतं स्पिरिटने पुसून चालत नाही, बंद होताना तोंडातली थुंकी आत ओढली जाऊ शकते, दर पेशंटनंतर ऑटोक्लेव्ह व्हायलाच हवं. फरशी किती चकाकते याचा आणि याचा काही संबंध नाही.

दातवैद्य_ऑफड्युटी:
मी डेंटिस्ट आहे, तोंड न बघता पाच खऱ्या का खोट्या ते नाही सांगू शकत. दोघं प्रामाणिक असूनही आकडा वेगळा येऊ शकतो, कारण कीड म्हणजे भोकच असं नाही. सुरुवातीला नुसता पांढरा खरबरीत डाग असतो, तेव्हा फ्लोराइड आणि नीट ब्रशिंगवर ती थांबते, कधी मागेही फिरते. ती थांबवायची का लगेच ड्रिल करायचं इथेच डॉक्टर-डॉक्टरात फरक पडतो. म्हणून पाचही दात एकेक करून दाखवा म्हणा. आरशात किंवा कॅमेऱ्यावर, आणि दोन दातांच्या मधली असेल तर बाइटविंग एक्सरेवर (दातात धरून काढतात तो छोटा एक्सरे). अख्ख्या जबड्याच्या एका एक्सरेवर बारीक कीड नीट दिसत नाही. रूट कॅनाल 'बहुतेक' का ते विचारा, गार लावून नस जिवंत आहे का बघितलं का?
अजून एक, हिरड्या मोजल्या का? बारीक खुणांची सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून दात आणि हिरडीच्या मधे किती खोल जाते ते बघतात. १ ते ३ मिमी ठीक, ४ किंवा जास्त आणि वर रक्त, तर लक्ष द्यायला हवं. आणि बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, अ‍ॅलर्जी हे काहीच न विचारता भूल द्यायला निघाले तर मी स्वतः खुर्चीतून उठेन.

तीनदा_उघडलेली_दाढ:
माझी वरची दाढ एका ठिकाणी रूट कॅनाल करून कॅप बसवून झाली, डॉक्टर इतके गोड की मीच चार जणांना तिकडे पाठवलं. वर्षभराने सूज. दुसऱ्यांनी उघडलं, साफ केलं, परत सूज. तिसऱ्यांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर मुळातली चौथी नळी साफ न होता तशीच राहिलेली, त्या दाढेत ती बऱ्याचदा असते आणि सापडत नाही म्हणे. त्यांनी आधी रबर डॅम लावला, तो रबरी पडदा मी पहिल्यांदाच बघितला, त्याने थुंकी आत जात नाही. शेवटी एक्सरे दाखवला, नळीत भरलेला मसाला मुळाच्या टोकापर्यंत आलाय का बघा म्हणाले. पहिल्यांनी शेवटचा एक्सरे काढलाच नव्हता, आणि मला तो मागायचा असतो हे कुठे माहीत होतं. त्या चार जणांना अजून सांगितलेलं नाहीये.

गोंधळलेली_दाढ:
जाऊन आले. दाखवा म्हटल्यावर चिडतील वाटलं होतं, पण स्क्रीन फिरवून दाखवलं. दोन खरंच काळ्या, मलाही दिसल्या. दोन पांढरे डाग, तिथे "थांबू शकतो" असं आता म्हणाले (मग आधी का नाही?). रूट कॅनालवाल्या दाढेची गार टेस्ट नॉर्मल, म्हणजे तिथेही आधी फिलिंगच. हिरड्या मी विचारल्यावर मोजल्या, मागे दोन जागी ५. एक्सरेची कॉपी घेतलीये, दुसरीकडे दाखवून मगच फिलिंग.

सक्शनवाली:
५ ला रक्त आलं का? आणि पाऊचचं बघितलंस का गं?

गोंधळलेली_दाढ:
रक्त आलं. पाऊच विसरले 🤦