१८ वर्षांची स्टँडिंग रिगिंग: एक पदर तुटला, तर सगळ्या तारा बदलाव्यात का?

भरतीओहोटी (प्रश्न)

नमस्कार. माझी ३४ फुटी, एका डोलकाठीची स्लूप आहे. डोलकाठीला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारांना, म्हणजे तिच्या स्टँडिंग रिगिंगला, आता १८ वर्षे झाली आहेत. सर्व तारा ६ मिलिमीटर जाडीच्या, १×१९ बांधणीच्या (म्हणजे १९ पदर एकत्र पिळलेल्या) आणि ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या असून त्यांच्या दोन्ही टोकांना यंत्राने दाबून बसवलेली स्वेज टर्मिनल आहेत. गेल्या आठवड्यात सुती फडक्याने तारा पुसत असताना डाव्या बाजूच्या मागच्या लोअर श्राउडच्या (डोलकाठीच्या मध्याला बाजूने धरणाऱ्या तारेच्या) खालच्या टोकाशी फडके अडकले. भिंगातून पाहिले तेव्हा टर्मिनलच्या तोंडाशीच बाहेरचा एक पदर तुटून काट्यासारखा वर आलेला दिसला. त्याच्या बुडाशी तपकिरी डाग होता. बाकीच्या तारा डोळ्यांना चकचकीत दिसतात आणि फडके दुसरीकडे कोठेही अडकले नाही.

पुढच्या वर्षी कुटुंबासह दूरच्या समुद्रप्रवासाला निघण्याचा विचार आहे. तोपर्यंत ही एकच तार बदलून हा हंगाम काढता येईल का? सगळ्याच तारा बदलायच्या झाल्या, तर डोलकाठी न उतरवता ते काम करणे योग्य ठरेल का? आणि नवीन तारांना पुन्हा स्वेज टर्मिनल घ्यावीत की हाताने बसवता येणारी यांत्रिक टर्मिनल घ्यावीत? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दर्यावर्दी

सर्वप्रथम एक विनंती. ही तार बदलेपर्यंत शिडे उभारून बाहेर पडू नये. नौका धक्क्यावर असली तरी स्प्रेडरच्या (तारांना बाहेर ताणून धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) मुळाशी डोलकाठीभोवती डायनिमाचा, म्हणजे अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा, जाड दोर घेऊन तो त्याच बाजूला, मागच्या चेनप्लेटजवळच्या (तार नौकेला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीजवळच्या) एखाद्या भक्कम जागी ताणून बांधावा. शेंड्यावरून खाली येणारे हॅलयार्ड (शीड वर चढवण्याचा दोर) येथे उपयोगी पडणार नाही, कारण लोअर श्राउड शेंड्याला नव्हे, डोलकाठीच्या मध्याला धरते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९ पदरांपैकी एक तुटला म्हणजे तारेची ताकद जेमतेम पाच टक्क्यांनी कमी झाली, असा हिशेब मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र तो हिशेब येथे लागू पडत नाही. तो पदर जादा भाराने तुटलेला नाही. ज्या कारणाने तो तुटला, तेच कारण त्याच्या शेजारच्या पदरांमध्ये आणि टर्मिनलच्या आत, जेथे आपले भिंग पोहोचत नाही तेथेही, तितकीच वर्षे काम करत आले आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या पृष्ठभागावरच्या अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरामुळे, आणि तो थर टिकण्यासाठी त्याला ऑक्सिजन मिळत राहावा लागतो. खालच्या स्वेज टर्मिनलचे तोंड वर असते. तारेवरून ओघळणारे खारे पाणी त्या तोंडातून पदरांच्या फटींत शिरते, तेथेच साचते आणि सुकल्यावर क्षार मागे ठेवते. त्या बंद फटीत ऑक्सिजन संपतो, क्लोराइड मात्र वाढत जाते आणि धातू आतून पोखरला जाऊ लागतो. त्यातच नौका नांगरावर डुलत असतानाही तारा सतत हलत असतात आणि लवचीक तार जेथे कडक टर्मिनलमध्ये शिरते, नेमक्या त्याच रेषेवर वाकण्याचा सगळा थकवा एकवटतो. आपला पदर अगदी त्याच जागी तुटला आहे, हे लक्षात घ्यावे.

खाऱ्या पाण्यातल्या प्रवासी नौकेवर १×१९ तारांचे आयुष्य साधारणपणे १० ते १५ वर्षे धरले जाते आणि विमा कंपन्यादेखील बहुधा याच सुमारास विचारणा करू लागतात. सगळ्या तारा एकाच वेळी बसवलेल्या, एकाच पाण्यात आणि एकाच भाराखाली राहिलेल्या असतील, तर पहिल्या तारेने दिलेली सूचना ही सगळ्यांच्या वतीने दिलेली सूचना आहे, असे मी मानतो. म्हणून सगळ्या तारा बदलाव्यात, आणि त्यात फोरस्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी तार, विसरू नये. फर्लरच्या (पुढचे शीड गुंडाळणाऱ्या यंत्रणेच्या) फॉइलच्या, म्हणजे लांब नळीच्या, आत दडलेली असल्यामुळे ती वर्षानुवर्षे कोणाच्याही नजरेला पडत नाही. शिवाय शीड गुंडाळताना तिला पीळ बसतो तो वेगळाच.

सुकाणू

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत आहे. डोलकाठी आणि टर्मिनल यांबद्दल थोडे लिहितो.

डोलकाठी उभी ठेवून एकेक तार काढणे, तिच्या मापाने नवी करून घेणे आणि ती बसवल्यावरच पुढच्या तारेला हात लावणे ही पद्धत शक्य आहे आणि शांत पाण्यात अनेक जण ती वापरतात. परंतु १८ वर्षांनंतर आणि लांबच्या प्रवासाआधी मी डोलकाठी उतरवण्याचाच सल्ला देईन. आडव्या ठेवलेल्या डोलकाठीवर शेंड्यावरच्या कप्प्या, तारा अडकवण्याचे टँग, स्प्रेडरची मुळे, आतली विजेची केबल आणि मुख्य म्हणजे बूड, या सगळ्यांची नीट तपासणी करता येते. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत जेथे जेथे स्टेनलेसचे स्क्रू बसवलेले असतात, तेथे दोन धातूंच्या संयोगामुळे ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि रंगाखाली पांढरी भुकटी फुगून येते. दोरीच्या पाळण्यात लोंबकळत असताना ही भुकटी नजरेतून सुटते.

टर्मिनलबाबत माझा अनुभव असा आहे की, वर स्वेज आणि खाली यांत्रिक टर्मिनल ही जोडी प्रवासी नौकेला सर्वांत सोयीची पडते. वरच्या टर्मिनलचे तोंड खाली असल्यामुळे त्यात पाणी साचत नाही. खालचे यांत्रिक टर्मिनल नौकेवरच, हॅकसॉ आणि दोन पान्यांच्या साहाय्याने बसवता येते, म्हणजे तारेची नेमकी लांबी जागेवर ठरवता येते आणि दूरच्या एखाद्या बंदरात तार बदलण्याची वेळ आली तरी कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. स्वेज करून आणल्यावर प्रत्येक टर्मिनल सपाट फळीवर लोळवून पाहावे. ते केळ्यासारखे किंचित जरी वाकलेले असले, तरी परत करावे.

यांत्रिक टर्मिनल बसवताना घाई मुळीच करू नये. तार कापण्याआधी कापायच्या जागेवर घट्ट टेप गुंडाळावी आणि काप काटकोनात घ्यावा. प्रथम टर्मिनलचा वरचा भाग तारेवर ओवून घ्यावा, मग बाहेरचे १२ पदर उलगडावेत आणि आतल्या ७ पदरांच्या गाभ्यावर शंकू सरकवावा. त्यानंतर बाहेरचे १२ पदर शंकूभोवती समान अंतरावर पुन्हा मूळच्या पिळात बसवावेत. शंकूला एक चीर असते, त्या चिरेत एकही पदर घसरू देऊ नये. हीच चूक सर्वाधिक होते. एकदा पूर्ण आवळून ते पुन्हा उघडावे, पदर सारखे वळले आहेत ना हे पाहावे आणि मगच आत सीलंट भरून शेवटचे आवळावे. पुढे कधी ते उघडले, तर टर्मिनल पुन्हा वापरता येते, शंकू मात्र नवा घ्यावा लागतो.

माप घेण्याविषयी एक सूचना करतो. जुनी तार उतरवण्याआधी प्रत्येक टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करणारा आट्यांचा जोड) किती उघडा आहे ते लिहून ठेवावे, आणि लांबी नेहमी पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, तार ताणलेली असताना मोजावी. नवी तार बसवताना टर्नबकलमध्ये आवळण्यासाठी पुरेसे आटे शिल्लक राहतील असा हिशेब ठेवावा, कारण नवी तार सुरुवातीला थोडी सैल पडतेच.

भरतीओहोटी

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सगळ्या तारा बदलायच्या आणि डोलकाठी उतरवायची, हे आता निश्चित केले आहे. एक शंका उरली आहे. चेनप्लेट डेकच्या वर अगदी स्वच्छ दिसतात आणि त्या काढायच्या तर केबिनमधली कपाटे उखडावी लागतील. ते काम पुढच्या वर्षावर ढकलले तर चालेल का?

नांगरदोर

कृपया ढकलू नका. मी हेच केले होते, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

माझ्या आधीच्या नौकेवर मी नव्या तारा बसवल्या आणि चेनप्लेट आपल्यासारख्याच वरून स्वच्छ दिसत असल्यामुळे तशाच राहू दिल्या. दोन हंगामांनंतर कपाटातल्या कपड्यांना ओल लागली, म्हणून मी ते कपाट उखडले. आतल्या प्लायवूडवर चेनप्लेटच्या खालून चहाच्या रंगाचा ओघळ आलेला होता. बोल्ट सोडवून पट्टी बाहेर काढली. डेकच्या वरचा भाग आरशासारखा होता, खालचा भागही बरा होता; पण ज्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर ती डेकच्या जाडीतून आणि जुन्या सीलंटमधून जात होती, तेथे तांबूस खडबडीत पट्टा पडला होता. पट्टी धुऊन, सुकवून तिच्यावर भेगा दाखवणारा लाल द्रव लावला, पुसला आणि वर पांढरा फवारा मारला. काही मिनिटांत त्या पट्ट्यावर एक बारीक लाल रेघ आडवी उमटली आणि ती एका कडेपासून जवळजवळ निम्म्या रुंदीपर्यंत गेलेली होती. ती पट्टी हातात धरून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्याच चेनप्लेटच्या भरवशावर मी आदल्या महिन्यात रात्रभर जोरदार वाऱ्यात शीड चालवले होते आणि माझी मुले खाली झोपलेली होती.

कारण वर दर्यावर्दी यांनी सांगितले तेच आहे: ओल आहे, क्लोराइड आहे आणि ऑक्सिजन नाही. सीलंट फाटले की डेकची जाडी म्हणजे एक बंद फट होऊन बसते. म्हणून आपण सर्व चेनप्लेट काढाव्यात, रंगद्रवाने तपासाव्यात आणि शंका आली तर नव्या करून घ्याव्यात. त्याच वेळी डेकच्या छिद्रातून आतला लाकडी गाभाही टोकदार वस्तूने टोचून पाहावा; तो मऊ लागला तर कुजलेला भाग काढून छिद्राच्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात आणि मगच चेनप्लेट परत बसवावी. तारा जोडणाऱ्या क्लेविस पिन आणि टॉगल (हलते जोड) जुने ठेवू नयेत. तार अधिक जाड घेण्याचा मोह होतो, परंतु तार जाड केली की पिन, टँग आणि चेनप्लेट त्या मापाच्या राहत नाहीत आणि उंचावरचे वजन तेवढे वाढते, म्हणून मूळ आराखड्यातली जाडीच कायम ठेवावी.

सुकाणू

डोलकाठी उभी केल्यानंतरच्या ताणाबद्दल राहून गेले होते. टर्नबकलच्या आट्यांना लॅनोलिन लावल्याशिवाय ते फिरवू नयेत, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस भाराखाली फिरले की आटे एकमेकांना चावून जाम होतात. प्रथम अप्पर श्राउड (शेंड्यापर्यंत जाणाऱ्या बाजूच्या तारा) हाताने सारखे आवळावेत. मुख्य हॅलयार्डचे टोक दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटपर्यंत आळीपाळीने नेऊन शेंडा मध्यावर आहे याची खात्री करावी आणि मग दोन्ही बाजूंना मोजून सारखेच फेरे द्यावेत.

ताण मोजण्यासाठी साधी घडीची मोजपट्टीही पुरते. तार सैल असताना तिच्यावर २ मीटर लांबी मोजून पट्टीचे वरचे टोक टेपने बांधावे आणि खालच्या टोकाशी तारेवर खूण करावी. १×१९ बांधणीची तार २ मीटरमध्ये १ मिलिमीटर लांबली, म्हणजे तिच्यावर तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आला. आपल्या पद्धतीच्या डोलकाठीवर अप्पर श्राउडला १५ टक्के, म्हणजे ३ मिलिमीटर, येथून सुरुवात करावी. लोअर त्याहून थोड्या सैल ठेवाव्यात आणि डोलकाठीच्या खोबणीला डोळा लावून वर पाहत ती सरळ राहील अशा जुळवाव्यात. मध्यम वाऱ्यात नौका सुमारे २० अंश कलली असताना वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूची अप्पर श्राउड पूर्ण ढिली पडून लोंबता कामा नये. ती ढिली पडत असेल, तर बाजू पालटून दोन्हीकडे सारखेच फेरे वाढवावेत. पहिल्या दोन-तीन सफरींनंतर नव्या तारा बसतात, तेव्हा हे सगळे पुन्हा एकदा तपासावे, मगच टर्नबकल सुटू न देणाऱ्या कॉटर पिन घालाव्यात आणि त्यांची टोके थोडीशीच फाकवून वर टेप गुंडाळावी. ती टेप टर्मिनलच्या तोंडावर मात्र येऊ देऊ नये, नाहीतर पाणी पुन्हा तेथेच अडकून राहील.