मदत हवी आहे: हूप्स डायनॅस्टीत २-३ झोन लावू की ३-२?

मंडळी, इथे कॉलेज बास्केटबॉलचे सिम गेम्स (टीम आपण लावायची, मॅच कॉम्प्युटर खेळवतो) खेळणारं कोणी असेल तर जरा मदत करा. मी हूप्स डायनॅस्टी खेळतो, टीम डिव्हिजन थ्रीची, आणि कॉन्फरन्स टूर्नामेंटच्या सेमीला अशी टीम समोर आलीये की झोन कुठला लावावा तेच ठरत नाहीये. (झोन म्हणजे मॅन टू मॅनसारखा एकेक खेळाडू न धरता प्रत्येकाने आपापली जागा राखायचा डिफेन्स; २-३ मध्ये दोघं वर आणि तिघं बास्केटजवळ, ३-२ मध्ये उलट.)

आधी माझी टीम सांगतो. आम्ही पहिल्यापासून झोनच खेळतो, प्रॅक्टिसची मिनिटं त्यातच घातलीत, स्टार्टर्सचा झोनचा आयक्यू (तो डिफेन्स किती जमतो याची गेममधली ग्रेड) ए मायनसच्या आसपास आहे, त्यामुळे मॅन टू मॅन लाव असं प्लीज कोणी सांगू नका, या सीझनला ते शक्यच नाही. सेंटर दणकट आहे, शॉट ब्लॉकिंग आणि रिबाउंडिंग दोन्ही ऐंशीच्या वर. गार्ड्स दोघंही स्पीडला जबरदस्त पण डिफेन्सचं रेटिंग बेताचं. स्मॉल फॉरवर्ड अॅथलेटिक आहे, पॉवर फॉरवर्ड रिबाउंड चांगले काढतो पण स्पीड जेमतेम तिशीत, आणि माझं सगळं घोडं अडलंय ते याच्यापाशी. बेंच पातळ आहे, झोनमध्ये दमछाक आणि फाउल कमी होतात म्हणूनच तर हा सिस्टीम धरला.

समोरची टीम मोशन ऑफेन्स खेळते, म्हणजे सतत पळत, पास देत जागा बदलणारा अटॅक. त्यांचा शूटिंग गार्ड आणि स्मॉल फॉरवर्ड दोघंही थ्रीचे (लांबून मारायच्या तीन पॉइंटच्या शॉटचे) पक्के, त्यातच सेंटरचं लो पोस्टही (बास्केटजवळचा खेळ) चांगलं. म्हणजे बाहेर झाकावं तर आत उघडं पडतं.

३-२ लावला तर वरच्या तिघांमुळे टॉप आणि विंगवरच्या थ्रींना हात आडवा येतो, पण खाली दोघंच उरतात आणि त्यांच्या सेंटरला बेसलाइनवर रान मोकळं. शिवाय झोनमध्ये बॉक्स आउट करायला (रिबाउंडसाठी अंगाने अडवायला) ठरलेला माणूस नसतो, रिबाउंड आधीच निसटतात, त्यात माझे मोठे दोघंच खाली. २-३ मध्ये आतली बाजू भक्कम राहते, पण बॉल कॉर्नरला गेला की खालच्या फॉरवर्डला धावत बाहेर यावं लागतं, आणि तो फॉरवर्ड तिशीच्या स्पीडचा असेल तर तोवर शॉट सुटलेला असतो!

खऱ्या बास्केटबॉलमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. कोच जिम बोहाइम सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीला वर्षानुवर्षं २-३ खेळायचे आणि तो चालायचा कारण ते लांब हातापायाची मुलं शोधून आणायचे. २००३ ची कॉलेज चॅम्पियनशिपची फायनल आठवा, कॅन्सस विरुद्ध, सिरॅक्यूज ८१-७८ ने जिंकले. शेवटच्या सेकंदांना कॅन्ससचा मायकल ली कॉर्नरमध्ये मोकळा होता, थ्री पडला असता तर बरोबरी, आणि सिरॅक्यूजचा फॉरवर्ड हकीम वॉरिक आतून झेपावत येऊन तो शॉट ब्लॉक करतो. स्टार खेळाडू कार्मेलो अँथनीच्या नावाने ती टीम लक्षात राहते, पण मला विचाराल तर २-३ म्हणजे काय हे त्या एका ब्लॉकमध्ये आहे, खालच्या फॉरवर्डची पोच किती यावर सगळा डोलारा. माझ्याकडे वॉरिक नाही.

म्हणून मुख्य प्रश्न हा की गेमचं इंजिन कॉर्नरचा थ्री खरंच त्या बाजूच्या फॉरवर्डच्या स्पीड आणि अॅथलेटिसिझमवर मोजतं, की पाचही जणांचं मिळून काहीतरी सरासरी काढतं? पहिलं असेल तर पॉवर फॉरवर्डला बेंचवर बसवून तिथे एखादा चपळ फॉरवर्ड घ्यायला मी तयार आहे, रिबाउंड गेले तरी चालतील. सरासरी असेल तर मग त्याला काढण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे ते मायनस पाच ते प्लस पाचचं पोझिशनिंग (मायनस म्हणजे डिफेन्स आत ओढलेला, प्लस म्हणजे बाहेर थ्रीकडे). २-३ ठेवून प्लस दोन केलं तर ३-२ सारखाच परिणाम मिळतो का, की त्यात सेंटरचं ब्लॉकिंगच वाया जातं? ३-२ ला मायनस एक लावून कोणी खेळलंय का? मला स्वतःला २-३ आणि प्लस एक बरं वाटतंय, कारण सेंटर हीच माझी खरी ताकद आहे आणि त्याच्या शेजारचा माणूस कमी करायला मन होत नाही. पण त्यांच्या थ्री मारणाऱ्यांपैकी एक स्मॉल फॉरवर्ड आहे, आणि तोच कॉर्नरला जाऊन उभा राहिला तर काय, ही धाकधूक आहेच.

ज्यांनी झोनवर टीम चालवलीये त्यांनी आपापली सेटिंग्ज आणि फॉरवर्ड्सची रेटिंग्ज दोन्ही लिहा ना, नुसतं "२-३ बेस्ट" लिहिलं तर माझ्या टीमला ते लागू होतं का ते कळत नाही. मॅच उद्या रात्री सिम होणार आहे, तोपर्यंत लाइनअप बदलता येईल.